शंखाच्या शेवटच्या वळणात

माझ्या भाचीने गुहागरच्या वाळूत सापडलेला मुठीएवढा शंख घरी आणला, नळाखाली धुतला आणि खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी दोन्ही क्लाउनफिश वर येऊन धापा टाकू लागले, चौथ्या दिवशी एक मेला. आजी म्हणाली, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." भाचीचा प्रश्न वेगळा होता: "मामा, शंख समुद्रातला, पाणीही समुद्रासारखं. मग बिघडलं कुठे?"

बिघडलं शंखाच्या शेवटच्या वळणात. गोगलगायीच्या जातीचा हा प्राणी दाराशी दिसतो तेवढाच नसतो. त्याचं पोट आणि पाचकग्रंथी पार टोकापर्यंत गुंडाळलेली असतात. प्राणी मेला की दाराजवळचं मांस खेकडे खातात, टोकाचं तिथेच राहतं. आपल्याला शंख रिकामा वाटतो.

समजा, आत ५ ग्रॅम मांस उरलं आहे. त्यात पाऊण ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजन, म्हणजे १२० मिलिग्रॅम. ते सगळं कुजलं तर १०० लिटरच्या टाकीत लिटरमागे १.२ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उतरतो. अरबी समुद्रात याचा पत्ताही लागला नसता.

पण खरी गंमत पुढे आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, दुसरा एक जादा प्रोटॉन पकडून बसलेला अमोनियम आयन. आयनावर विद्युतभार असल्यामुळे त्याला कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज जाता येत नाही. मोकळा अमोनिया सहज जातो. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पाण्याचा सामू म्हणजे पीएच ठरवतो. सामू ७ असेल तर हजार रेणूंमागे मोकळे जेमतेम पाच. समुद्री टाकीचा सामू ८.२ च्या आसपास ठेवतात. तिथे तेच साठ-सत्तर होतात, कारण सामूची एकेक पायरी दहापटीची असते. म्हणजे तेवढंच मांस सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत निभावलं असतं, ते खाऱ्या टाकीत घातक ठरतं. शिवाय मासा स्वतःचा अमोनिया कल्ल्यांवाटेच बाहेर सोडतो. बाहेरच तो साचला की आतला निघत नाही, रक्तात तुंबतो. त्या धापांचं कारण हे आहे. संकट माशाने घेतलं नव्हतं, आपण त्याच्यावर घातलं होतं. आजीवर माझा राग नाही, पण ही समजूत घरोघरी पुढचाही मासा मारते, कारण मग पाणी कोणी तपासतच नाही.

जुन्या, मुरलेल्या टाकीत सूक्ष्मजीव अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यातला एक, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ साली वेगळा काढला गेला तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खडीतून! पण या जीवांची संख्या रोजच्या खुराकाइतकीच असते. अचानक आलेलं मांस त्यांच्या आवाक्यात नसतं.

किनाऱ्यावरून आणलेल्या वस्तूंबद्दल इंटरनेटवर एक सल्ला फिरतो: दगडावर व्हिनेगर टाका, फेस आला तर टाकीत नको. तो गोड्या पाण्यासाठी आहे. फेस येतो कॅल्शियम कार्बोनेटमुळे, आणि समुद्री पाणी त्याने आधीच संपृक्ततेच्या पुढे गेलेलं असतं. शंख-शिंपले त्यात विरघळत नाहीत. काळा बेसॉल्टही चालतो. चकाकणाऱ्या धातूच्या रेषा असलेला दगड आणि जाळ्याची शिशाची वजनं नकोत. दगडावर बटणांसारखे मऊ जीव चिकटलेले असतील तर तो मुळीच उकळू नये. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि वाफेतून ते माणसालाही बाधतं.

प्रवाळाचा पांढरा, मेलेला तुकडाही उचलू नका. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, काही शंखांनाही. आणि शंखातून पाय डोकावत असतील तर ते कुणाचं तरी घर आहे, तिथेच ठेवा.

बाकी शंख एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाण्यात दिवसभर बुडवावा. बुडवताना तो हळूहळू फिरवावा, नाहीतर टोकाशी हवा अडकते आणि जिथे पोहोचायचं तिथेच ब्लीच पोहोचत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. मग रोज पाणी बदलत गोड्या पाण्यात काही दिवस, शेवटी क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट, आणि वास पूर्ण जाईपर्यंत ऊन.

तरीही थेट टाकीत नाही. आधी बादलीभर खाऱ्या पाण्यात पाच दिवस, मग त्या पाण्यावर अमोनिया तपासायचं किट: नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. भाचीच्या शंखाने पहिल्या खेपेला नळीतलं पाणी गडद हिरवं केलं. आम्ही तो पुन्हा ब्लीचमध्ये घातला, या वेळी फिरवत फिरवत, आणि टोकातून काळपट चिकट गोळा बाहेर आला. त्यानंतरच्या पाचव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळंच राहिलं.