उभ्याने काम करून काय साधतं?

लंडनच्या दुमजली बसमध्ये पूर्वी एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर असे. ड्रायव्हर पाळीभर बसून, कंडक्टर तिकिटं देत सतत वर-खाली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी या दोघांच्या हृदयविकाराची तुलना १९५३मध्ये प्रसिद्ध केली. कंडक्टरांना हा आजार बराच कमी होत होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाची मापं तपासली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांच्याही पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे ते आधीपासूनच जाडसर असावेत, आणि सगळा फरक नोकरीने पडला असंही म्हणता येत नाही. तरी बैठ्या कामाचा धोका तिथून चर्चेत आला.

स्टँडिंग डेस्क, म्हणजे उभ्याने काम करायचं उंच टेबल, घेणाऱ्यांच्या मनात बहुधा असाच हिशेब असतो: बसणं वाईट, म्हणून उभं राहणं चांगलं. मी अडखळतो ते या ‘म्हणून’पाशी. तो कंडक्टर नुसता उभा नसायचा, दिवसभरात शेकडो पायऱ्या चढायचा.

वजन कमी होईल म्हणून कुणी असं टेबल घेत असेल, तर त्याने आकडा पाहावा. ४६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार उभं राहिल्यावर बसण्यापेक्षा मिनिटाला फक्त ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते. ६५ किलोच्या माणसाने रोज सहा तास उभ्याने काम केलं, तर ५४ कॅलरी. साधारण पंधरा मिनिटं झपाझप चाललं तरी तेवढ्या जळतात.

रक्ताभिसरणाचं गणित जास्त महत्त्वाचं आहे. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरतं. ते परत वर चढवायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. माणूस खिळल्यासारखा उभा राहिला की हा पंप जवळजवळ थांबतो. घोट्यांवर सूज येते, पाय जड होतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर शिरा फुगून वेड्यावाकड्या होऊ शकतात.

ब्रिटनमधल्या ८३ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून केलेला अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त वेळ उभं राहणाऱ्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. उलट दिवसाला दोन तासांच्या पुढे प्रत्येक जादा अर्ध्या तासामागे व्हेरिकोज व्हेन्स (फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरा) यांसारख्या तक्रारींचा धोका ११ टक्क्यांनी वाढलेला आढळला. बसण्याचे तोटे या अभ्यासाने पुसले जात नाहीत, तेही खरेच आहेत.

मग हे टेबल घ्यावं का? खालीवर करता येणारं असेल आणि परवडत असेल, तर जरूर घ्यावं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या रुग्णालयांच्या १४६ कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात अशी टेबलं आणि जोडीला सल्ला मिळालेल्यांचं बसणं वर्षअखेरीस इतरांपेक्षा रोज ८३ मिनिटांनी कमी झालं होतं. पाठ आणि मान अवघडणाऱ्यांना असा बदल बरा वाटतो. पण त्याच प्रयोगात त्यांचं चालणं मात्र वाढलं नाही, आणि मला हीच गोष्ट सर्वात बोलकी वाटते. टेबल उंच झालं तरी माणूस जागचा हलत नाही.

दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१६मध्ये असं दिसलं होतं, की रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी दमवणारी हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याने मृत्यूचा धोका वाढलेला दिसत नाही. एवढा वेळ काढणं सगळ्यांना जमत नाही, हे मान्य. पण फोन आला की चालत बोलणं, पाणी पिण्यासाठी प्रत्येक वेळी उठणं, एखादा मजला जिन्याने जाणं, यासाठी खास टेबल लागत नाही.

घेतलंच, तर हात कीबोर्डवर असताना कोपर साधारण काटकोनात यावा आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. सुरुवातीला एका वेळी १५-२० मिनिटं पुरेत. शिरांचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि उभं असताना भार या पायावरून त्या पायावर टाकावासा वाटू लागला, की पोटरी तुम्हाला हाक मारते आहे असं समजा. तेव्हा दोन मिनिटं चालून या, मग हवं तर बसा.