मलेरिया सापडला, पण ताप त्याचाच का?

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडची आफ्रिका. तापानं फणफणलेलं, धापा टाकणारं तीन वर्षांचं मूल दवाखान्यात येतं. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन रॅपिड टेस्ट होते, दुसरी रेघ उमटते आणि मलेरियाचं औषध सुरू होतं. इथवर सगळं ठीक. पण जिथे मलेरिया बारमाही आहे, तिथे कितीतरी मुलांच्या रक्तात त्याचे परजीवी काहीही त्रास न देता असतात. शिवाय टेस्ट पकडते ते एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. त्यामुळे खरा आजार न्यूमोनियाचा किंवा रक्तातल्या जिवाणूंचा असला, तरी रेघ उमटायची ती उमटतेच.

लक्षणांवरूनही उलगडा होत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त झाला की न्यूमोनियाची शंका घ्यायची, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. मलेरियातही श्वास तितकाच वाढतो. रक्ताच्या कल्चरला, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, दिवस लागतात आणि न्यूमोनियात ते बहुतेकदा कोरंच येतं. मलावीतल्या ब्लँटायर इथे मेंदूच्या मलेरियानं दगावल्याची नोंद असलेल्या ३१ मुलांचं शवविच्छेदन झालं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ७ मुलांच्या मृत्यूचं कारण भलतंच निघालं.

मग परजीवी शोधण्याऐवजी शरीर कशाशी झुंजतंय ते पाहावं, असा विचार पुढे आला. सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाचं नाव बहुतेकांनी लॅबच्या रिपोर्टात वाचलेलं असतं. जिवाणूंचा संसर्ग झाला की ते वाढतं. पण मलेरियातही भरपूर वाढतं, म्हणून इथे त्याचा फारसा उपयोग नाही. प्रोकॅल्सिटोनिन या तशाच दुसऱ्या खुणेची गतही तीच.

हॅप्टोग्लोबिनचं मात्र वेगळं आहे, आणि मला तरी या सगळ्यात तेच सर्वांत देखणं वाटतं. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेलं हिमोग्लोबिन पकडायचं, हे यकृतात बनणाऱ्या या प्रथिनाचं काम. जोडी जमली की दोन्ही मिळून रक्तातून बाहेर काढली जातात. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशींतच वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो, त्यामुळे हॅप्टोग्लोबिन खर्ची पडून त्याची पातळी घसरते. जिवाणूंच्या संसर्गात उलट यकृत ते जास्त बनवतं आणि पातळी चढते. एकच प्रथिन, दोन आजारांत दोन दिशा! मोझांबिकमधल्या मानिसा इथल्या मुलांच्या अभ्यासात हॅप्टोग्लोबिनला आणखी एक-दोन प्रथिनांची जोड दिल्यावर मलेरिया, जिवाणू आणि विषाणू यांच्यातला फरक बऱ्यापैकी स्पष्ट दिसला.

अडचणी आहेतच. सिकलसेलच्या मुलांत तांबड्या पेशी एरवीही फुटत असतात, म्हणून हॅप्टोग्लोबिन आधीच खाली असतं. काहींच्या रक्तात ते जन्मजातच नगण्य असतं.

दुसरी वाट एचआरपी-२ मोजण्याची: नुसतं आहे की नाही एवढं न पाहता, किती आहे ते. गंभीर मलेरियात परजीवींनी भरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात आणि काचपट्टीवर दिसत नाहीत. त्यांचं प्रथिन मात्र रक्तद्रवात उतरतं. त्याची पातळी खूप कमी आणि मलेरियात एरवी घटणाऱ्या प्लेटलेट्स मात्र भरपूर असतील, तर डॉक्टरांनी दुसरं कारण शोधायला हवं.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे दोन्ही आजार एकदम. मलेरियानं पेशी फुटत राहिल्या की साल्मोनेलासारख्या जिवाणूंना रक्तात शिरणं सोपं जातं. तेव्हा हॅप्टोग्लोबिन खालीच दिसेल आणि जिवाणू त्याआड लपतील. म्हणूनच गंभीर मलेरियाच्या मुलांना, जिवाणूंची शंका पुरती फिटेपर्यंत, मलेरियाच्या औषधाबरोबर अँटिबायोटिकही दिलं जातं.