हा माणूस कुणाचा?

वादग्रस्त लेख हाती आला की बहुतेक वाचक पहिल्या दोन परिच्छेदांतच एक गोष्ट ठरवून मोकळे होतात: लिहिणारा आपल्यातला की त्यांच्यातला? मुद्दे, पुरावे वगैरे नंतर. ही खोड किती मुरलेली आहे, हे एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली चक्क मोजून दाखवलं.

त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोवरचे छोटे निबंध वाचायला दिले, कुणाला बाजूचा, कुणाला विरोधातला. लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल, ते १० ते ७० या पट्टीवर सांगायचं. आकडा मोठा तितका तो पक्का कॅस्ट्रोवाला. बाजू लेखकानेच निवडली असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचे सरासरी आकडे आले साधारण ६० आणि १७. यात नवल नाही. गंमत पुढे आहे. दुसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं होतं, की बाजू लेखकाच्या गळ्यात मारलेली होती. म्हणजे निबंधावरून त्याच्या मनातलं काहीच कळायला नको. तरीही आकडे आले ४४ आणि २३! खुद्द संशोधकांनाही हे अपेक्षित नव्हतं.

खुन्याची बाजू लढवणाऱ्या वकिलाला आपण खुनी समजत नाही. विरोधकांचं म्हणणं नीट मांडून दाखवणाऱ्या लेखकाला मात्र ही सवलत मिळत नाही.

आणि पुराव्यांकडे वळल्यावर तरी? १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात फाशीच्या शिक्षेचे २४ समर्थक आणि २४ विरोधक निवडले गेले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले, दोन्ही रचलेले. एकात फाशीचा कायदा येण्याआधीचे आणि नंतरचे खून मोजलेले, दुसऱ्यात शेजारशेजारच्या राज्यांची तुलना. एक म्हणे फाशीने वचक बसतो, दुसरा म्हणे बसत नाही. मेख अशी, की निम्म्या लोकांसाठी निष्कर्षांची अदलाबदल केली होती. तरी ज्याचा निष्कर्ष सोयीचा, त्याची पद्धत चोख. गैरसोयीचा असला की त्याच पद्धतीत खोट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! दोन्हीकडचं वाचून मंडळी मधे यायची सोडून आपापल्या टोकाला आणखी सरकल्याचं सांगत होती.

१९८४ मध्ये याच चमूतल्या संशोधकांनी उपाय शोधला. ‘निःपक्षपातीपणे वाचा’ असं बजावून काही फरक पडला नाही. पण ‘याच अभ्यासातून उलट निष्कर्ष निघाला असता, तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का, हे पायरीपायरीला स्वतःला विचारा’ असं सांगितल्यावर निवाड्यातला कल नाहीसा झाला.

मी हे माझ्या एका लाडक्या लेखावर करून पाहिलं. तिसऱ्या परिच्छेदातला जो दाखला मला बिनतोड वाटला होता, तो लेखकाच्या एका मित्राच्या अनुभवावर उभा होता.