सोमवारची पोटदुखी

माझा भाचा सहावीत होता तेव्हा सोमवारी सकाळी त्याचं पोट हमखास दुखायचं. सुट्टीत कधीच नाही. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, दवाखान्यातून जंताची गोळी आली. मग सोनोग्राफी नॉर्मल निघाली आणि ‘नाटकं करतोय’ या घरगुती निदानावर शिक्कामोर्तब झालं.

पण पोट खरंच दुखत होतं. ते कसं, हे सांगायला मला फार आवडतं.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मेंदूशी त्याचं बोलणं बरंचसं व्हेगस या चेतेतून चालतं, आणि तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू खालून वर निरोप नेतात. आता मूल धास्तावलं, मग कारण गणिताचा तास असो की मागच्या बाकावरची दादागिरी, की मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्यापुढची कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची साखळी पुस्तकात असतेच. खरी गंमत पोटात आहे. सीआरएच आणि त्याचे भाऊबंद एका प्रकारच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांवर, बसून जठर रिकामं होणं लांबवतात, तर दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवर बसून मोठ्या आतड्याला घाई करतात. म्हणून पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि दप्तर पाठीला लावलं की संडासला पळावं लागतं. शिवाय आतड्याच्या अस्तरातल्या मास्ट या प्रतिकारपेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, तिथली चेताटोकं हळवी होतात आणि एरवी जाणवलाही नसता एवढासा गॅसचा ताण कळ बनून वर पोचतो. सोनोग्राफीला यातलं काही दिसत नाही.

(अर्थात वजन घटत असेल, झोपेतून उठवणारी कळ असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी पोटच तपासायचं. आणि ‘पोटातले जिवाणू सुधारा, नैराश्य पळवा’ म्हणत महागड्या पुड्या विकणारेही आता निघालेत. दृष्ट निदान फुकटात तरी निघते.)

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. ही मुलं सरकारी दवाखान्यात येतात, पण भलत्याच दारातून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन वजन, दात, डोळे बघतं. रांगेतल्या मुलाला सगळ्यांदेखत ‘शाळेची भीती वाटते का’ असं विचारणार कोण? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन चोवीस तास, फुकट, मराठीतही लागतो. पण सिव्हिलमध्ये केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ म्हटलं की आई सांगणार, ‘पोट दुखतंय’. कागद बालरोगला जातो आणि पुन्हा जंताची गोळी मिळते.

भाच्याच्या वेळी तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. पोट दाबून झाल्यावर त्यांनी विचारलं, “रविवारी दुखतं का रे?” तो नाही म्हणाला. बाईंनी त्याच केसपेपरच्या मागे मनोविकार विभागाच्या खोलीचा नंबर लिहून दिला.