सबऑर्बिटल की ऑर्बिटल? फरक उंचीचा नाहीये

शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये ॲक्सिअम या खासगी कंपनीच्या मिशनवर गेले, १८ दिवस स्पेस स्टेशनवर राहून आले, हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. पण लगेच कोणीतरी म्हणतंच की त्यात काय, भारतीय वैमानिक गोपी थोटाकुरा २०२४ मध्येच ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू शेपर्ड रॉकेटमधून जाऊन आलेत की. सगळा घोळ इथेच आहे: शुक्लांचं उड्डाण ऑर्बिटल, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत राहणारं; थोटाकुरांचं सबऑर्बिटल, म्हणजे वर जाऊन लगेच खाली येणारं.

लोकांना वाटतं न्यू शेपर्ड १०० किमीच्या जरा वर जातं, स्टेशन ४०० वर, म्हणजे अजून थोडा जोर लावला की पोचलो. अजिबात नाही! ४०० किमीवर पण गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतंच. स्टेशन सतत खाली पडतच असतं, फक्त ते सेकंदाला साधारण ७.७ किमी आडवं धावतंय, त्यामुळे ते जेवढं पडतं तेवढीच खालची जमीनही गोलाईने लांब जाते आणि ते कधी आपटतच नाही. न्यू शेपर्डला हा आडवा वेग नसतो, वर फेकलेला चेंडूच तो, जातो आणि खाली येतो. एक किलो सामान नुसतं १०० किमी वर न्यायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण ३० पट त्या आडव्या वेगालाच लागते. आणि प्लीज ‘झीरो ग्रॅव्हिटी’ म्हणू नका, दोन्हीकडे वजन जातं ते पडत असल्यामुळे.



अंतराळात करायच्या प्रयोगांना या दोन उड्डाणांत फरक पडतो तो वेळेचा. सबऑर्बिटलमध्ये वजनरहित अवस्था मिळते तीन-चार मिनिटं. शुक्लांनी स्टेशनवर मूग आणि मेथी रुजवली, तीन मिनिटांत मेथीचं बी धड भिजत पण नाही.

पण म्हणून सबऑर्बिटल म्हणजे नुसती श्रीमंतांची सहल, हे मला मुळीच पटत नाही. २०२१ मध्ये सिरीशा बांदला व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या यानात फ्लोरिडा विद्यापीठाच्या रोपांच्या नळ्या घेऊन बसल्या होत्या, उड्डाणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर त्यांनी नळीतलं जतन करणारं रसायन रोपांवर सोडून ती आहेत त्या अवस्थेत थांबवली, म्हणजे वजन जाताना आणि परत येताना कुठली जनुकं चालू-बंद होतात ते नंतर लॅबमध्ये बघता येतं. स्टेशनवर हे अवघड, कारण शुक्लांच्या यानाला तिथे पोचायलाच २८ तास लागले, आणि रोपाने बदल ओळखला ती पहिली मिनिटं तोवर कधीच निघून गेलेली असतात.