टाकीचे घाव, पण माणसालाही काम असतं

मोठं आजारपण आलं की भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी म्हणतोच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हण छान आहे, पण त्यातल्या दगडाला नुसतं पडून राहायचं असतं हो. माणसाचं तसं नाही, आणि यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालाय.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, मोठ्या धक्क्यातून सावरताना माणसात चांगला बदल होतो, या प्रकाराला 'पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ' असं नाव दिलं, आपण आघातानंतरची वाढ म्हणू. १९९६ मध्ये त्यांनी २१ वाक्यांची प्रश्नावली काढली. वाटलं होतं त्यापेक्षा मी खंबीर निघालो, माणसं जवळची वाटायला लागली, अशा अर्थाची वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५ मार्क.

त्यांनी उपमा दिली ती भूकंपाची. आपण सगळेच मनातल्या मनात एक हिशोब धरून चाललेलो असतो, की नीट वागलं, नीट खाल्लं तर आपल्याला काही होणार नाही, पुढची २० वर्षं तर आहेतच, आणि एक दिवस रिपोर्ट हातात येतो आणि तो हिशोबच ढासळतो. वाढ होते ती या पडझडीमुळे नाही, नंतर ढिगारा उपसून परत बांधताना होते.

हे बांधकाम दिसायला अगदी साधं असतं. रात्रीचे अडीच, औषधाने तोंड कडू झालेलं, झोप नाही आणि डोक्यात एकच रेकॉर्ड, मलाच का, मलाच का. हे विचार आपण करत नाही, ते येतात. मग कधीतरी, कुणाचं आठवड्यांत कुणाचं महिन्यांत, त्याच प्रश्नाचं 'बरं, आता पुढे काय' असं होतं, आणि मग विचार आपण स्वतः करायला लागतो. हा बदल म्हणजेच खरी मेहनत, आणि समोर मध्येच सल्ला न देता ऐकणारं कुणी असेल तर ती जरा सोपी जाते (असा माणूस मिळणं अवघड, ते सोडा). लिहिण्याचाही उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लगेच पोरांना उलट जास्तच वाईट वाटलं, पण ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी होत्या.

आता दुसरी बाजू. त्या २१ वाक्यांत 'मी आधीपेक्षा खचलो' म्हणायला जागाच नाही. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फ्रेझियर यांच्या टीमने २००९ मध्ये आघाताच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही मोजमापं ताडून पाहिली, तर लोकांना वाटणारी वाढ आणि प्रत्यक्षात झालेला बदल यांचा फारसा मेळ बसेना. म्हणून 'मी बदललो' हे प्रत्येक वेळी शब्दशः घेऊ नये, असं माझं मत.

आणि 'पॉझिटिव्ह राहा, बरे व्हाल' हे तर बंदच करा. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांचा अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात मनाची अवस्था कशी होती यावरून पेशंट किती जगेल याचा काहीच अंदाज येत नव्हता. म्हणजे रडलं म्हणून कुणाचा आजार वाढला नाही. शिवाय वाढ आणि त्रास एकाच घरात राहतात, प्रश्नावलीत खंबीरपणाला ५ पैकी ५ देणाऱ्याचीही फॉलोअप स्कॅनच्या आदल्या रात्री झोप उडते ती उडतेच.