नागपूर आणि संगमरवर : दगड जवळचा, वापर उशिराचा

दीक्षाभूमीचा स्तूप किंवा रेल्वे स्थानकाजवळचे पोद्दारेश्वर राममंदिर पाहिले की संगमरवर नागपूरच्या जुन्याच ओळखीचा वाटतो. प्रत्यक्षात तो इथे फार उशिरा आला.

विदर्भाची जुनी शिल्पकला मुख्यतः वालुकाश्माची. वाकाटकांच्या काळात, पाचव्या शतकात, रामटेकच्या डोंगरावर उभे राहिलेले केवल नरसिंहाचे मंदिर तांबड्या वालुकाश्माचे आहे. नवल हे की, त्याच परिसराच्या जमिनीत संगमरवर आहे. भूगर्भशास्त्रात ज्यांना सौसर समूह म्हणतात, त्या खडकांत मँगनीजच्या जोडीने त्याचे थर सापडतात. पण त्यात डोलोमाइट हे मॅग्नेशियमयुक्त खनिज बरेच आणि इतर खनिजांचे पट्टेही. मूर्तिकाराला हवा असतो एकजिनसी, बिनभेगेचा, पांढराशुभ्र ठोकळा. माझ्या मते, घरचा दगड असूनही तो मागे पडला तो यामुळेच.

चुनखडी भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने बदलते, तिच्यातले कॅल्साइट हे मुख्य खनिज नव्याने स्फटिक धरते, तेव्हा संगमरवर तयार होतो. खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या ‘मोह्स’ मापावर कॅल्साइटची कठीणता अवघी ३, त्यामुळे पोलादी छिन्नीपुढे तो अडत नाही. त्याहून मोठा गुण वेगळाच. उजेड पृष्ठभागावरून नुसता परतत नाही, किंचित आत शिरतो आणि विखरून बाहेर येतो. गालाची गोलाई, बोटांची पेरे जिवंत भासतात ती त्यामुळे. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात इटलीतल्या करारा गावच्या संगमरवरातून ‘डेव्हिड’चा पुतळा घडवला. त्याच्या पावणेपाचशे वर्षे आधी, १०३१ मध्ये, राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर विमलवसही हे संगमरवरी जैन मंदिर उभे राहिले होते. त्याच्या छतातल्या कमळांच्या पाकळ्या आजही थक्क करतात. पुढे राजस्थानातल्याच मकराण्याच्या खाणींनी ताजमहालाला दगड दिला आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि अवजड दगड लांबून आणणे परवडू लागले. व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या मारवाडी कुटुंबांचे राजस्थानशी नाते होतेच. पोद्दारेश्वर मंदिर १९२३ चे, संगमरवर आणि वालुकाश्माचे. सरकारी बांधकाम मात्र वालुकाश्मालाच धरून राहिले. १९४० मध्ये खुली झालेली उच्च न्यायालयाची देखणी इमारत त्याची साक्ष आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले, लोकार्पण २००१ मध्ये झाले. वास्तुविशारद शिवदानमल यांनी सांचीचा आकार समोर ठेवला. ढोलपूरचा वालुकाश्म, संगमरवर आणि ग्रॅनाइट असे तिन्ही दगड तिथे एकत्र आले आहेत.

या दगडाला आम्लाचे मात्र वावडे आहे. लिंबू, दही, पंचामृत सांडून राहिले तर कॅल्साइट विरघळते आणि चकाकी जाते, ती पुन्हा घासल्याशिवाय येत नाही. म्हणून संगमरवरी मूर्ती असलेल्या देवळात अभिषेकासाठी धातूची लहान मूर्ती वेगळी ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.